एका हिवाळ्याची मागणी

दार उघडले की आधी टोपी काढायची, मग एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, “एकच विचारायचं होतं.” इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या खेड्यातले वृद्ध पाद्रीसाहेब असेच येत. ते गावाविषयी पुस्तके लिहीत. एक विहिरींवर, एक नुसत्या गल्ल्यांच्या नावांवर. वाचकहो, गावाबाहेर ती कुणी उघडलीही नसतील; गावात ती घरोघरी आहेत.

एकदा आमच्या परसातल्या भिंतीत घोडा बांधायची कडी सापडली. पत्नीने तिला कपड्यांची दोरी बांधलेली. साहेब खूश झाले. “वा! कडी अजून नोकरीत आहे!”

माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु कौन्सिलचे आणि व्हिसाचे अर्ज लिहिण्यात इथल्या आपल्या मंडळींत माझाच शब्द अखेरचा मानला जातो. म्हणून निवृत्तीच्या वर्षी साहेबही माझ्याकडे आले. चर्चचे घर उन्हाळ्याअखेर सोडायचे होते आणि दफनभूमीतल्या दगडांवरचे पुस्तक अपुरे होते. झिजलेली अक्षरे हिवाळ्यातल्या सकाळच्या तिरप्या उन्हातच दिसतात.

“एवढा एक हिवाळा मागायचा आहे. पण स्वतःसाठी मागताना माझी लेखणी अडते.”

एक हिवाळा मागणे मला त्यांच्या सेवेस कमीपणा आणणारे वाटले. मी चार पानी अर्ज सिद्ध केला आणि तहहयात निवासाची मागणी केली.

“अहो, त्यांनी मागितलंय तेवढंच लिहा ना,” पत्नी म्हणाली. “तुम्हाला का तिथं राहायला जायचंय?”

साहेबांनी वाचून चष्मा पुसला. “हे फार मोठं नाही ना झालं?”

“साहेब, ज्याचं काम त्यानं करावं.”

त्यांनी सही केली.

नकार दोन ओळींत आला. मी तणतणत चर्चच्या वरिष्ठ कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “मार्चपर्यंत मुदत मागितली असती, तर दिली असती. आता घर नव्या पाद्रींना दिलं.”

हे मी साहेबांना कधीही सांगितले नाही.

ऑगस्टमध्ये भर दुपारी त्यांची भाची त्यांना ग्लासगोला न्यायला आली. गाडीत बसल्यावर त्यांनी मांडीवर वही उघडली. “मागच्या भिंतीलगतचा शेवटचा दगड. मेरी आहे की मार्गारेट? बघून याल? माझे गुडघे आता ऐकत नाहीत.”

मी धावत गेलो. ऊन डोक्यावर होते. दगड कोरा दिसत होता. बोटे फिरवून पाहिली, काही लागले नाही. परत येऊन तेच सांगायला हवे होते. परंतु त्या दिवशी आणखी एक नकार त्यांच्या हाती देणे माझ्याने झाले नाही.

“मार्गारेट,” मी ठामपणे म्हणालो.

“तुम्ही पाहिलंत, म्हणजे झालं.” त्यांनी पेन्सिल ठेवली आणि शाईचे पेन काढले.

वर्षाच्या आत ते तिकडेच वारले. गावकऱ्यांनी पुस्तक होते तेवढे छापले. शेवटच्या पानावर मार्गारेट आहे. दगडाखाली कोण आहे, मला ठाऊक नाही. हिवाळ्यातली सकाळ दरवर्षी येते. जाऊन पाहण्याचे धैर्य होत नाही.