जीप दोन इंच वर

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायचं काम करत होते. ड्राफ्टिंगच्या कोर्सला माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मात्र नोकरीच्या फंदात पडली नाही. ती मढच्या कोळीवाड्यातली. घरची होडी होती आणि किनाऱ्यावरून मासळी बाजारात न्यायला एक जुनी जीप. वडिलांचा गुडघा धरल्यापासून जीप तीच चालवायची.

एका रविवारी वर्सोव्याहून तरीच्या होडीने मी तिच्याकडे गेले, तर अंगणात जीपखालून तिचे नुसते पाय दिसत होते.

"काय झालं गं?"

"वाट लागली!" खालून आवाज आला.

आदल्या दिवशी टोपल्या भरून निघताना पुढचा एक्सल ओल्या वाळूत रुतला होता आणि भरती चढत होती. अख्ख्या आळीने दोर लावून जीप ओढून काढली.

"पाणी बोनेटला टेकलं ना यार," ती बाहेर येत म्हणाली. तोंडाला ग्रीस, डोळ्यांत नुसती चमक. "पुढून उंचच करून टाकते हिला. तू ड्रॉइंग काढ."

कारखान्यात मी दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग काढायचे. ते कुठे बसतात, चालतात की नाही, मला कधी कळायचंही नाही. इथे अख्खी जीप समोर उभी होती. मी पदर खोचला आणि जाळी सुकवायच्या सिमेंटच्या ओट्यावर खडूने पुढची बाजू खऱ्या मापात काढायला घेतली. ती टेप धरून मापं ओरडायची, मी रेघा मारायचे. चेसिसचा सांगाडा, दोन चाकांना जोडणारा एक्सल आणि त्यांच्यामधले पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ती कमान, जिच्यावर गाडीचं वजन पेललेलं असतं.

तिचा बेत सोपा होता. पाटे ज्या कड्यांनी चेसिसला लटकतात, त्या पुढच्या कड्याच लांब करायच्या. मी तसं काढून पाहिलं. पाट्याचं पुढचं टोक खाली आलं आणि त्याच्याबरोबर एक्सलही पुढे कलला.

"नको गं, चाकांचा कोन बिघडतोय. स्टेअरिंग सरळ राहणारच नाही."

"मग एक पाटा वाढवू!"

कमानीत आणखी एक पट्टी घातली. ओट्यावरची चेसिस छान दोन इंच वर गेली. आम्ही दोघी खूश! तेवढ्यात माझी नजर खालच्या रेघेवर गेली. एक्सल होता तिथेच होता. पाटे कितीही वाढवले तरी वर जाणार ती गाडी. एक्सलचं पोट वाळूपासून तेवढंच उंच राहणार, कारण ते चाकांवर बसलेलं.

मी ते बोलून दाखवलं. ती ओट्यावरच्या पुसट होत चाललेल्या खडूच्या चाकाकडे बघत राहिली, आणि एकदम माझा दंड धरून किंचाळली, "चाकंच मोठी घालू ना मग!"

"मोठी चाकं मडगार्डला घासतील..." म्हणता म्हणता मीच थांबले. घासू नयेत म्हणूनच तर गाडी वर उचलायची! मागचे पाटे मालासाठी आधीच उंच केलेले होते, तिथे जागा होती. अडचण फक्त पुढे. सगळं एका झटक्यात जुळलं. ओट्यावर आम्ही अक्षरशः नाचलो.

तिचे वडील पडवीतून हे बघत होते. "अगो पोरी, गारी उंच केलीस तं पलटी मारल ना!"

"दोनच इंच, काका," मी म्हटलं.

"टोपल्या भरून दाखव."

मग जॅक लावून चेसिस उचलली, एक्सलवर लाकडाचे ठोकळे सारले आणि मागे ओल्या वाळूने भरलेल्या टोपल्या ठेवल्या. शेजाऱ्याच्या ट्रकचालक भावाकडून एक मोठं चाक आणून बसवलं. मैत्रिणीने स्टेअरिंग पूर्ण वळवलं. मी मडगार्डखाली हात घातला. चार बोटं आरामात फिरली! फक्त ब्रेकची रबरी नळी ताणली गेली होती, आणि हेडलाइट पार माडांच्या शेंड्यांवर. नळी लांब घ्यायची, दिवे खाली वळवायचे, असं ठरलं. काकांनी चारी बाजूंनी गाडी हलवून पाहिली आणि नुसतंच "हं" म्हणाले. आम्हाला तेवढं पुरे होतं.

पाटे आणि मोठी चाकं घाटकोपरच्या एका गॅरेजात बसवली. पुढच्या रविवारी ओहोटीला आम्ही तिघं किनाऱ्यावर उतरलो, काका पुढे, मी मागे टोपल्यांमध्ये. ओली वाळू आली तसं मी डोळे घट्ट मिटले. इंजिनाचा आवाज जड झाला, पण जीप थांबली नाही. उघडून बघते तर आम्ही पलीकडे होतो आणि काका डॅशबोर्डवर थापा मारत ओरडत होते, "झकास! झकास!"

मैत्रिणीने गाडी वळवली आणि खाली उतरली.

"बस पुढे. आता तू चालव."

"मला कुठे येतं गं!"

"पहिल्या गिअरमध्ये टाक. समोर आहे काय, समुद्रच ना?"

काका कधी नव्हे ते मोठ्यांदा हसले आणि मी क्लच सोडला.