पाव न खाणारा गोरा

अख्ख्या बहरीनमध्ये पाव न खाणारा एकच गोरा होता, आणि तो गुदैबियात नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. आयर्लंडचा हा माणूस आमच्या एसी वर्कशॉपचा फोरमन. कंपनीने गोऱ्यांसाठी पोहण्याच्या तलावासकट बंगले ठेवले होते, पण हा पठ्ठ्या आमच्या जुनाट इमारतीत वरच्या मजल्यावर लुंगी नेसून सुखात. कोपऱ्यावर खुबूसची, म्हणजे अरबी रोट्यांची, भट्टी होती. तिच्या रोट्यांचा वास आला की तो रस्ता ओलांडून पलीकडून जायचा, गाडीवाले कितीही बोंबलोत. संध्याकाळी आमच्या दारात उभा राहून बायकोच्या भाकरीकडे संशयाने बघत विचारायचा, "सिस्टर, ये ब्रेड मफी ना?" ब्रेड नाही अशी खात्री पटली की तीन भाकरी ठेच्यासकट उडवायचा. डोळ्यांतून धारा लागल्या की खुशीत म्हणायचा, "व्हेरी गुड. आज रोने का बहाना मिला."

त्याची दुसरी तऱ्हा इंग्रजांच्या बाबतीत. आमचा मॅनेजर इंग्रज होता. तो वर्कशॉपमध्ये शिरला की आमच्यावर डाफरणारा हा वाघ कॉम्प्रेसरमागे दडायचा. पार्टीतही इंग्रजांच्या टेबलापासून चार हात लांब. आम्ही अर्थ लावला, जुनं वैर! तिकडे आयरिश आणि इंग्रज एकमेकांच्या जिवावर उठलेत हे टीव्हीवर दिसायचंच. इंग्रजांनी आपल्यावरही राज्य केलं, तेव्हा हा आपलाच माणूस, असं मी कँटीनमध्ये ठणकावून सांगत असे.

एकदा त्याचा एसी दुरुस्त करायला वर गेलो, तर भिंतीवर एका तरुणाचा फोटो, खाली मृत्यूची तारीख. "ब्रदर," तो पाठ फिरवून म्हणाला. "उधर लोग मार्टर बोलता है. उधर रास्ते की दीवार पे उसका पेंटिंग है." हुतात्म्याचा भाऊ, आणि आमच्या ठेच्यावर जगतोय! माझीच छाती फुगली. सहा डिसेंबरला आमच्या घरी मंडळी जमत, तेव्हा तो दर वर्षी मागच्या रांगेत हात जोडून उभा राहायचा. मग त्याच्या भावाच्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदन आपण नको का करायला?

त्याच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असे. फोटोखालच्या त्या तारखेला मी गुपचूप फोटो खाली आणला. बायकोने मोगऱ्याचा हार केला, वर्कशॉपमधली आमची माणसं पांढऱ्या कपड्यांत जमली, आणि भाकरीला म्हणून त्याला हाक मारली. तो आला नि दारातच थिजला. मी भाषण सुरू केलं, "अंग्रेजों से लड़ते हुए..."

"खलास," तो म्हणाला. पुढे येऊन त्याने हार हळूच काढला. "लड़ाई नहीं था. ये इंग्लंड में बेकरी के बाहर बॉम रखा. तीन लोग ब्रेड की लाइन में था. वो तीनों मर गया, ये भी मर गया. इंग्लिश आदमी को मैं क्या मुँह दिखाऊँ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला आम्ही वैर समजत होतो ती त्याची लाज होती, आणि ती मी चारचौघांत फुलं वाहून उघडी पाडली होती.

हार हातात तसाच धरून त्याने बायकोला विचारलं, "सिस्टर, जिसका फोटो नहीं, उसको चलता है?"

"चलता है," ती म्हणाली. तिने एक रिकामी खुर्ची पुढे ओढली, त्यावर पांढरं कापड घातलं. त्याने हार तिथे ठेवला आणि तीन नावं घेतली, एकदाही न अडखळता. प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लागली. मग बायकोने चौथी उचलली. "भाई के लिए?"

तो फोटोकडे बघत राहिला. आज ठेचा नव्हता, तरी डोळे वाहत होते. "बहुत शरम है, सिस्टर. लेकिन भाई है." मग मेणबत्तीकडे बोट करून, "लगाओ. उसका लास्ट में."

तो मायदेशी परतला, आम्हीही अकोल्याला आलो. भेट पुन्हा नाही. त्या तारखेला बायको अजून रिकामी खुर्ची मांडते. ती परकी नावं आमच्या जिभेवर धड बसत नाहीत, याची दर वर्षी लाज वाटते. तरी आधी तीच घेतो. चौथी मेणबत्ती शेवटी लावतो.