नातं: थोरला भाऊ

महादेवपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत तो वरच्या मजल्यावर राहतो. मूळचा बेळगावचा. माझं दार उघडं दिसलं की डोकावून विचारणार, "अण्णा, स्वल्प चहा?" आणि उत्तराआधीच आत येऊन बसणार. चहा बशीतूनच प्यायचा, मग कपबशी स्वतः विसळून ओट्यावर पालथी घालायचा. अण्णा, म्हणजे कानडीत थोरला भाऊ, असं तो सगळ्यांनाच म्हणतो, भाजीवाल्याला, वॉचमनलासुद्धा. म्हणून मी ते कधी मनावर घेतलं नाही.

परवा दुपारी ऑफिसात फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत खेकसला, तुमच्या भावाने चार महिने कर्जाचा हप्ता भरलेला नाही. मला भाऊच नाही, म्हटलं. त्याने फॉर्म वाचून दाखवला. माझं नाव, माझा नंबर, नातं: थोरला भाऊ. कर्जदाराचं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. मग त्याने फ्लॅटचा नंबर सांगितला, माझ्या वरच्या मजल्यावरचा, तेव्हा मी हबकलोच.

"मी ओळखत नाही त्याला," म्हणालो आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तो दारात उभा. आत आला नाही. नोकरी गेली, आता वकील दिवाळखोरीचा अर्ज करा म्हणतो, हे त्याने एका दमात सांगून टाकलं.

"त्यांचा फोन आला होता ना, अण्णा? काय म्हणालात?"

मला खोटं बोलवेना. ओळखत नाही म्हणालो, ते सांगून टाकलं.

"सरी, ठीक आहे," तो मान हलवत म्हणाला. "वकील विचारत होता, मदत करणारं घरचं कुणी आहे का. काय सांगावं, तेच आजवर कळत नव्हतं."