नागप्पाच्या पंखातलं शिसं

नागप्पा आमच्या नांदेडच्या कॉलेजात एकवीस वर्षं हंगामी होता. कागदावर प्रयोगशाळा परिचर, प्रत्यक्षात एनसीसीच्या पोरांना विमानं करायला आणि उडवायला शिकवणारा माणूस. छोट्या इंजिनाचं, दोन लांब तारांना बांधलेलं विमान. मधे उभं राहून तारांची मूठ हलवायची, तसं ते भोवती गरगर फिरतं. आम्ही प्राध्यापक त्याला ‘पायलटसाहेब’ म्हणून चिडवायचो. आमच्यातल्या एकालाही ते उडवता येत नव्हतं.

त्याचा हात म्हणजे तराजू. तारांचं वजन आतल्या, म्हणजे उडवणाऱ्याकडच्या, पंखावर येतं, म्हणून त्याच्या निम्मं शिसं बाहेरच्या पंखाच्या टोकात घालायचं. किती, ते तो तारेचं भेंडोळं तळहातावर झुलवूनच ठरवायचा. पोरांनी नसते उद्योग करू नयेत म्हणून शिसं आत चिकटवून वरून कागद लावून टाकायचा.

यंदा मुक्तिसंग्राम दिनाला संस्थेचे सचिव राजशेखर साहेबांनी पाहुण्यांसमोर विमानाचं प्रात्यक्षिक ठेवलं. नीट पार पडलं तर नागप्पाला कायम करू, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. त्या दिवशी नागप्पा मुखेडहून बायकोला, बबिताला, सोबत घेऊन आला. ती नवी साडी नेसून पहिल्या रांगेच्या मागे बसली होती.

ऐनवेळी साहेबांच्या लक्षात आलं की पोलादी तार फोटोत दिसत नाही. त्यांनी बाजारातून नायलॉनचा दोरा आणवला, एक भगवा, एक हिरवा. नागप्पाने तो तळहातावर घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. दोरा ताणतो, मूठ हलवली तरी विमानाला उशिरा कळतं, ते एक वेळ सांभाळून घेता येईल, असं तो मला म्हणाला.

“पण सर, ह्यो वजनाला तारेच्या निम्मासुदिक न्हाई. बाहेरचा पंख पडतोय आता. शिसं काढू द्या, धा मिनटं लागतेत.”

तोवर पाहुण्यांनी विमानाची पूजा उरकली होती. हळदीकुंकू नेमकं त्याच टोकावर लागलं होतं.

“पूजा झालेल्या पंखाला ब्लेड लावता का, नागप्पा?” मी म्हणालो. “पाहुणे बघायलेत.”

माझा देवाधर्मावर कधीच विश्वास नव्हता. साहेबांसमोर शहाणं दिसायचं होतं, एवढंच. नागप्पाने ब्लेड खिशात घातलं.

पहिल्या तीन फेऱ्या बऱ्या झाल्या, पंख खाली लोंबत असूनही. मग साहेबांनी हात वर करून विमान उंच न्यायला सांगितलं. वर जाऊन वळताना ते कलंडलं. नागप्पाने मूठ ओढली, दोरा ताणत गेला, आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांपासून चार हातांवर विमान नाकावर आदळलं. कुणाला लागलं नाही. बबिता उभी राहिली आणि परत बसली.

चौकशी समितीत मीच, दुसरं कोण असणार? फुटलेल्या पंखातून शिसं निघालं तेव्हा साहेब म्हणाले, विमानात कुणी शिसं भरतं का? भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असून मी मान डोलावली. अहवालात लिहिलं, बाहेरच्या पंखात जादा वजन आढळले, जबाबदार नागप्पा. यात खोटं एक अक्षर नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. दोऱ्याबद्दल एक ओळही लिहिली नाही.

सही करून बाहेर आलो तर तो दाराशी उभा. समितीला वजन करून दाखवायला पोलादी तार घेऊन सकाळपासून थांबला होता. त्याला आत कुणी बोलावलंच नव्हतं.

“सर, दोऱ्याचं लिवलं न्हवं?”

“लिहिलं,” मी म्हणालो.

त्याचा जीव भांड्यात पडला. भेंडोळं माझ्या हातात देत म्हणाला, “मंग हे ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. नव्या विमानाला लागंल.”

महिनाअखेरीला त्याला कामावरून काढल्याचा कागद मिळाला. त्याला माझा अहवाल जोडलेला होता. त्याने तो वाचलाच असणार.