पोचलं, पण समजलं का?

कुणालाही निरोप सांगून झाला की भाऊराव त्याच्याकडे टक लावून पाहत राहत. "आता तू सांग. म्या काय सांगतलं तुले?" समोरच्यानं तो परत म्हणून दाखवल्याशिवाय त्याची सुटका नसे. चहावाल्याचीसुद्धा.

ते लोणारकडच्या आमच्या कालव्याचे निरीक्षक. मी नवा कारकून. मला म्हातारा छळवादी वाटे. कालव्याच्या एका टोकाला सिंचन-तलावाचं पाणी सोडायचं दार, दुसऱ्या टोकाला बीबी गावाकडं गाळ काढणारी माणसं आणि मधे आमचं ऑफिस. फोन नव्हता. चिठ्ठ्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर जायच्या.

त्या दिवशी दुपारी बाराला पाणी सुटणार होतं. 'बाराच्या आत सगळ्यांनी कालव्यातून वर यावं,' अशी चिठ्ठी मी सकाळच्या गाडीनं बीबीला धाडली. परतीच्या गाडीनं ती मुकादमाचा अंगठा घेऊन आली. मी ती खुशाल फायलीत लावली.

अकराला भाऊरावांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आंगठा तं थो हजेरीच्या कागदावरबी मारते, बाबू! हापिसातून कागद आला का मार आंगठा. त्याले समजलं काय, थे कुठं हाये याच्यात?"

पाणी सुटलं असतं तर ती माणसं वाहून गेली असती.

भाऊरावांना बारापर्यंत बीबी गाठता येईल याचा भरवसा नव्हता. तरी ते मिळेल त्या ट्रकनं तिकडं निघाले आणि मला सायकलवर तलावाकडं पिटाळलं. "माही चिठ्ठी येईस्तोवर दार उघडायचं नाई." त्या घाईतही माझ्याकडून निरोप वदवून घेतलाच! मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मी पोचलो तेव्हा चौकीदारानं दाराच्या चाकाला हात घातला होता. धापा टाकत मी निरोप सांगितला. तो भाऊरावांच्याच तालमीतला. "भाऊरावाची चिठ्ठी येईस्तोवर दार उघडायचं नाई," असं त्यानं सावकाश म्हटलं आणि मगच हात काढला.

संध्याकाळी भाऊराव परतले. ते बीबीला पोचले तेव्हा माणसं कालव्यातच भाकरी खात बसली होती. एका बाईनं पुलाखालच्या सावलीत झोळी बांधली होती, आत लेकरू निजलेलं. भाऊराव मला रागावले नाहीत. "पोचलं म्हंजे समजलं असं नसते, बाबू," एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढं माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलाचं कार्ड आलं: 'भाऊ गेले.' मी उत्तर लिहायला घेतलं. 'कार्ड पोचलं,' असं लिहिलं. पुढं, काय समजलं ते लिहायचं होतं. दोनच शब्द होते, पण माझ्याच्यानं ते लिहवेनात.