मालती देवरेंना कुणी ओळखतं का?

डहाणूला लोक समुद्र बघायला जातात, चिकू खायला जातात, नाहीतर गुजरातकडे जाताना चहापुरते थांबतात. मी गेले आईला शोधायला. आई सापडणार नव्हतीच. मी पाळण्यात असतानाच ती गेली. पण तिचा एखादा फोटो, तिला पाहिलेलं एखादं माणूस, काहीतरी हाती लागेल अशी आशा होती.

घरात तिच्याविषयी बोलायची पद्धत नव्हती. माझे वडील, अण्णा, तरुणपणी तलासरीला शिक्षक होते, ती डहाणूकडची होती आणि तिचं नाव मालती, एवढीच माझी पुंजी. पुढे काही विचारलं की अण्णा रेडिओचा आवाज वाढवायचे. गेल्या वर्षी अण्णा गेले. रेडिओ बंद झाला आणि घरात मी एकटी उरले. म्हटलं, आता विचारलं तर कुणाला वाईट वाटणार आहे? बॅग भरली.

नाशिकहून डहाणूला एसटीनं जव्हारमार्गे जाता येतं. सकाळची गाडी धरा आणि घाटात पोटात ढवळत असेल तर पुढची सीट मिळवा. जव्हारला चहा घेऊन घ्या, पुढे बराच वेळ काही मिळत नाही. कासा गेलं, महामार्ग ओलांडला आणि आशागड आलं की हवा दमट होते, कुंपणांवरून चिकूच्या फांद्या डोकावायला लागतात. डहाणू स्टेशनजवळ एक साधं, स्वच्छ लॉज मिळालं. मालकानं विचारलं, “सोबत कोण?” “कुणी नाही,” म्हटलं. तर त्यानं खोलीतल्या दोन उशांपैकी एक उचलून नेली. व्यवहार म्हणून बरोबरच होतं, पण मला उगाच लागलं.

संध्याकाळी सार्वजनिक वाचनालय गाठलं. (ही वाचनालयं बहुधा दुपारची बंद असतात, वेळ विचारूनच जा.) ग्रंथपाल मॅडम माझ्याहून पुष्कळ लहान आणि भलत्याच कामात. “स्थानिक इतिहासाचं काही?” म्हटल्यावर त्यांनी शाळांच्या, बागायतदारांच्या जुन्या स्मरणिका आणून टेबलावर ठेवल्या. एका हिरव्या लोखंडी कपाटाला खुर्ची टेकवून मी बसले. पानोपानी फेटे, टोप्या, सत्कार, हारतुरे. बायका शोधायला लागलं की कळतं, इतिहासात किती कमी बायका फोटोला उभ्या राहिल्या आहेत ते.

मध्येच मॅडम एका शाळकरी मुलीला म्हणाल्या, “वाचून झालं? कुसुममध्ये ठेव.” मी दचकून पाहिलं तर त्या हसल्या. “कपाटांची नावं हो. ज्यांच्या स्मरणार्थ मिळालं, त्यांच्या नावानं ओळखतो आम्ही. ते खिडकीजवळचं दामोदर. तुमच्या पाठीमागचं कुसुम, त्यात मुलांची पुस्तकं.” मला मजा वाटली. खुर्ची कुसुमला आणखी टेकवून घेतली आणि पुन्हा स्मरणिकेत डोकं घातलं.

समोर रोजचं वर्तमानपत्र वाचणारे एक आजोबा होते. त्यांना विचारलं, “मालती देवरेंना ओळखायचात का?”

“देवरे आडनाव आपल्या इकडचं नाय.”

“ते सासरचं. नाशिककडचं.”

“मग माहेरचं सांगा ना.”

“माहीत नाही,” मी म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. आईच्या माहेरचं आडनाव माहीत नसलेली बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली असावी.

दुसऱ्या दिवशी तलासरी. अण्णांची शाळा होती, पण इमारत नवी, माणसं नवी. एका तरुण गुरुजींनी प्रेमानं पाणी दिलं आणि म्हणाले, “एवढं जुनं कोण सांगणार, मॅडम?” जेवायला जवळच महामार्गावर अच्छाडला गेले. ढाब्यावर शेव-टमाट्याची भाजी छान मिळते, ताक मागून घ्या. बाजेवर ट्रकवाले गटागटानं जेवत होते. मी भिंतीकडे तोंड करून जेवले. एकटं जेवायची मला सवय आहे, पण त्या दिवशी ताट अर्धंच ठेवून उठले.

तिसऱ्या दिवशी शेअर रिक्षानं बोर्डी. हा रस्ता किनाऱ्यानं जातो, समुद्राच्या बाजूला बसा. एका वाडीत एक म्हातारी झाडाखाली बसून चिकू निवडत होती. मोठे एका क्रेटमध्ये, बारके दुसऱ्यात. मी माझा प्रश्न विचारला.

“मालती? नाय बा आयकलं.” तिनं एक चिकू माझ्या हातात ठेवला. “ह्या लग्नातलं नाव का म्हायेरचं?”

“म्हणजे?” मी विचारलं.

“अगो बाय, लग्नात नाव बदलतात ना? माझंच बघ, हितं मी लक्षुमी. माझ्या म्हायेरी जाऊन लक्षुमी कुठंय इचारशील, तर गोठ्यातली गाय दाखवतील तुला!”

ती खदखदून हसली, मीही हसले. आणि मग तिथेच, तो चिकू हातात धरून, मला रडू आलं. इतके दिवस मी आईला तिच्याच गावात परक्या नावानं हाका मारत हिंडत होते. अण्णांच्या घरानं ठेवलेलं नाव ते. इथं त्याला ओ देणार कोण?

परतीची गाडी सकाळी होती. संध्याकाळी मॅडमचे आभार मानायला वाचनालयात गेले. बोलता बोलता माझी नजर हिरव्या कपाटावर गेली. दारावर तैलरंगात ‘कै. कुसुम’ एवढंच दिसत होतं. खाली एक भलंमोठं कॅलेंडर.

“ही कुसुम कोण होती?”

“कुणास ठाऊक. मी आले त्याच्या आधीपासून आहे,” असं म्हणत मॅडमनी कॅलेंडर उचललं.

*कै. कुसुम (सौ. मालती देवरे) हिच्या स्मरणार्थ. कपाट मुलांच्या पुस्तकांसाठीच वापरावे. कुसुमचे आईबाबा.*

मी दोनदा, तीनदा वाचलं. माहेरचं आडनाव नाही, गाव नाही. जुनी कागदपत्रं जागा बदलताना गेली, असं मॅडम हळूच म्हणाल्या आणि त्यांनी मला खुर्ची दिली. मुलांच्या पुस्तकांसाठीच. कुसुमच्या आईबाबांची नात तेव्हा नाशिकला होती, अक्षरओळखही नसलेली. ती कधी इथं येईल, असं त्यांना वाटलं असेल का? कपाट उघडून मी एक पुस्तक घेतलं आणि वाचनालय बंद होईपर्यंत वाचत बसले.

घरी येऊन महिना झाला. फोटो मिळाला नाही, माणूस मिळालं नाही. डहाणूला जाऊन काय मिळवलंस, असं कुणी विचारलं तर दाखवायला काही नाही. तसं विचारणारंही कुणी नाही. पण इथं माझ्या घरात जे नाव कधीच उच्चारलं गेलं नाही, ते तिथं रोज दहा वेळा घेतलं जातं.

म्हणून अधूनमधून संध्याकाळी मी वाचनालयात फोन लावते. मुलांचं कुठलंतरी पुस्तक आहे का, विचारते. मॅडमना आता सगळं कळलंय, तरी त्या मला हसत नाहीत.

“थांबा हं,” म्हणतात, “कुसुममध्ये बघते.”