गल्लीनं टाकलेला शब्द

रत्नम्मा शाळेत दुसरीच्या पुढं गेली नाही, पण इंग्रजीतला एक शब्द तिनं वापरून वापरून पार गुळगुळीत केला होता. माहेरी देगलूरकडं लाइन म्हणजे रेशनच्या दुकानापुढं ताटकळायची जागा. लग्न होऊन मुखेडजवळच्या गावात आली, तर इथं लाइन म्हणजे वीज; ती यायची आणि जायची. मोबाइलला लाइन लागायची नाही. लेक शिवांगी दहावी झाली, तेव्हा तिला कोणत्या लाइनला घालायचं यावरून रत्नम्मानं घर डोक्यावर घेतलं होतं.

त्यात नवरा गुरुलिंग लाइनमन. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही सासूची शिस्त; सासू गेली तरी रत्नम्मानं ती मोडली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "आमची लाइन रानात गेलीया." पुढं सगळी गल्ली त्याला लाइनच म्हणू लागली, आणि तो बापडाही हसून ओ द्यायचा.

त्याच्या कामाची रीत पक्की होती. उपकेंद्राला फोन करून वीज बंद करायला लावायची, मग खांबावर चढायचं, आणि खाली उतरल्यावरच वीज सोडायला सांगायचं. त्यामुळं घरातला बल्ब पेटला की रत्नम्मा चहाचं आधण ठेवायची. माणूस जमिनीवर आला, याची तिला तेवढी खूण पुरायची.

गेल्या वैशाखात वादळानं तारा तुटल्या. दुपारी बल्ब पेटला आणि गल्ली आनंदानं ओरडली, "लाइन आली!" रत्नम्मानं आधण ठेवलं, साखर जरा जास्तच घातली. गुरुलिंग तेव्हा खांबावरच होता. त्याचा फोन यायच्या आधीच तिकडून कुणीतरी वीज सोडली होती. माणसं दारात आली, तोवर चहा आटून पातेलं करपलं होतं.

त्या दिवसापासून गल्लीनं तो शब्द टाकला. ठरवून नव्हे, आपण ओरडलो याची लाज ज्याला त्याला खात होती. लोक लाईट म्हणत, करंट म्हणत, नळावर रांग म्हणत. एखादं पोर चुकलं तर थोरं डोळे वटारत. माया होती ती, नाही कोण म्हणतो? पण त्या मायेनं रत्नम्माचं घर आणखीच रिकामं केलं. दिवसातून दहादा कानावर पडणारं नाव आता कुणीच घेईना.

परवा संध्याकाळी बल्ब पेटले. शेजारची सिंधू दबक्या आवाजात म्हणाली, "करंट आला."

रत्नम्मा दारात आली. "सिंधू, लाइन आली म्हण की."

"अक्का, तोंडातून निघत न्हाई."

"माझ्या तोंडी त्यांचं नाव कधी आलंच न्हाई. हेच एक होतं. तुमी बी टाकलं, तर त्यांना हाक कोण मारील?"

सिंधूनं पदरानं डोळे पुसले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "लाइन आली."

रत्नम्मा थोडा वेळ उंबऱ्यात कान देऊन उभी राहिली. कुणीच ओ दिली नाही. मग ती आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.